'मतपरीक्षा' व तिचीं तीन उत्तरें : एकमार्गवादाचें परीक्षण

इसवी सन १८३९ मध्यें कलकत्त्यास 'मतपरीक्षा' या नांवाचें एक संस्कृत पद्यमय पुस्तक छापून निघालें. ग्रंथकार जॉन म्यूर हे कंपनी सरकारच्या मुलकी नोकरींतील स्कॉटिश गृहस्थ. मनुष्याच्या उद्धाराचा मार्ग एकच आहे, तो येशू ख्रिस्ताच्या द्वारें प्रकट झाला, आणि इतर मतें परीक्षेस उतरत नाहींत, हें त्या पुस्तकाचें प्रतिपाद्य होय. पुढील सहा वर्षांच्या आंत तीन पंडितांनीं त्यास संस्कृतांतच उत्तरें दिलीं. माळव्यांतील सिहोरच्या सुबाजी बापूंनीं 'सोमनाथ' हें नांव घेऊन 'मतपरीक्षाशिक्षा' (१८३९) लिहिली. कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचाननांनीं 'मतपरीक्षोत्तर' (१८४०) लिहिलें. आणि काशीक्षेत्रीं राहणाऱ्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' (१८४४-४५) रचिला. या चार ग्रंथांतील वादाचें गुणदोषविवेचन करावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडण्यास दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, उत्तरें देणाऱ्या तिघांपैकीं दोघे महाराष्ट्रीय होते. सुबाजी बापूंनीं पुराणांचें, सिद्धांतग्रंथांचें व कोपर्निकसाचें भूगोल-खगोलविषयक मत ताडून पाहणारा 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ १८३६ मध्यें मराठींत लिहिला. नीळकंठशास्त्री हे बुंदेलखंडांत स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यांत, झांशीनजीक काशीपुरा येथें, १८२५ सालीं जन्मले. दुसरें कारण संग्राहकांविषयीं आहे. आमच्याकडील पोथी जमविणारे गृहस्थ शके १७४० पर्यंतचा कागद दिसला कीं हरखून जातात. परंतु त्यानंतरची, विलायती कागदावर लिहिलेली, एखाद्या वादाचें खंडन करणारी पोथी हातीं आली तर ती 'अर्वाचीन' म्हणून बाजूस सारतात. एकोणिसाव्या शतकांतील संस्कृत वादग्रंथांची जी हेळसांड झाली ती अशी झाली. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ रचल्यापासून शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९५१ सालीं, सदाशिव ल. कात्रे यांच्या संपादकत्वाखालीं उज्जयिनीच्या सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटनें छापिला, तेव्हां तो सर्वांस सुलभ झाला. पुढें रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १९८१ मध्यें व्हिएन्ना येथें प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या चारही कृतींचा एकत्र अभ्यास केला, आणि सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच, हेंही दाखवून दिलें. त्या परिश्रमाबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. तथापि शास्त्राच्या अंगानें या वादाचें जें परीक्षण व्हावयास पाहिजे, तें मराठींत करणें अवश्य आहे असें आम्हांस वाटतें.

अशा परीक्षणाची गरज कां, तेंही सांगतों. या वादासंबंधीं एक सोपी समजूत रूढ आहे. ती अशी : ख्रिस्ती पक्ष संकुचित, कारण तो एकच मार्ग मानतो, आपला पक्ष उदार, कारण तो सर्व मार्ग सारखेच मानतो. व्याख्यानांत ही समजूत टाळ्या घेते. परंतु मूळ ग्रंथ समोर ठेवून वाचूं लागलें असतां ती टिकत नाहीं. तीन उत्तरांतील भूमिका एक नाहीं, तीन आहेत. आणि त्यांपैकीं एकही 'सर्व मार्ग सारखे' असें म्हणत नाहीं.

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळूं. म्यूर यांचा जन्म १८१० चा; १८२८ मध्यें ते हिंदुस्थानांत आले. ख्रिस्ती धर्म देशी भाषांतून सांगण्याचे प्रयत्न त्यापूर्वींच सुरू झाले होते. परंतु पंडितवर्गाशीं त्याच्याच भाषेंत बोलावें, ही कल्पना कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजांतील विल्यम हॉज मिल यांनीं विशेष पुढें आणिली. त्यांनीं १८२८ मध्यें ख्रिस्ती परिभाषेस संस्कृत प्रतिशब्द सुचविले, आणि येशूचें चरित्र संस्कृत पद्यांत गाइलें. म्यूर त्याच वाटेनें गेले. त्यांनीं गुरु-शिष्यसंवादाची पद्धति व अनुष्टुभ् छंद स्वीकारिला. येथवर पाहतां हा पुराणांचाच घाट आहे, आणि तो त्यांनीं जाणून-बुजून घेतला असावा.

ग्रंथाचें नांवही विचारपूर्वक ठेविलेलें दिसतें. त्यांनीं 'धर्मपरीक्षा' म्हटलें नाहीं, 'मतपरीक्षा' म्हटलें. मीमांसकाच्या दृष्टीनें धर्म हा केवळ वेदानें कळणारा पदार्थ आहे. त्याची परीक्षा करणारें दुसरें प्रमाणच नाहीं. मत मात्र मनुष्यांचें असतें. एका मताच्या शेजारीं दुसरें मत ठेवून कस लावतां येतो. म्हणजे शीर्षकाच्या पहिल्याच शब्दानें अर्धा वाद मांडून झाला आहे. जो पंडित 'मत' हा शब्द मान्य करून उत्तर देण्यास बसतो, त्यानें आपला धर्म परीक्षेस पात्र आहे हें न बोलतां कबूल केलें असें होतें. हा पेंच तिघांपैकीं कोणास कितपत उमगला, तें पुढें दिसेल.

'मुक्ति' या शब्दाची गोष्ट याहून नाजूक आहे. ख्रिस्ती संस्कृत लेखनांत हा शब्द पाप व त्याचा दंड यांपासून सुटका, या अर्थीं योजिला गेला. आपल्या शास्त्रांत मुक्ति म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका. पुण्यही बंधनच, मग पापाची कथा काय? एक शब्द, परंतु दोघांच्या मनांत दोन गांवें. मार्ग एक कीं अनेक, हा वाद घालण्यापूर्वीं जावयाचें कोठें हें ठरलें पाहिजे. या बाबतींत मराठी ख्रिस्ती लेखकांनीं 'तारण' हा शब्द रूढ करून अधिक शहाणपण दाखविलें असें आम्ही समजतों. बुडणाऱ्यास हात देणें हा जो मूळ भाव, तो त्यांत नेमका उतरतो, आणि मोक्षाशीं घोटाळा होत नाहीं.

आतां म्यूर यांची कसोटी. खऱ्या धर्माचीं तीन लक्षणें ते सांगतात : प्रवर्तकाचें अलौकिक सामर्थ्य, म्हणजे साक्षींनीं सिद्ध झालेले चमत्कार, शास्त्राचें पावित्र्य, आणि सर्व मनुष्यजातीस लागू पडण्याची योग्यता. तीं लक्षणें म्हणून मांडलीं आहेत, तेव्हां नैय्यायिक जे दोष पाहतो ते पाहणें न्याय्यच आहे.

पहिल्या लक्षणावर अतिव्याप्तीचा आक्षेप उघड आहे. गोवर्धन उचलल्याची कथा आमच्याकडे आहे, आणि सिद्धांच्या चमत्कारांस तर गणतीच नाहीं. यावर म्यूर यांचें उत्तर असें कीं, हे चमत्कार कवींनीं मागाहून रचिले. ख्रिस्ताचे मात्र पाहणाऱ्यांनीं सांगितले. हें उत्तर हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. आपलें सर्व संशोधन ज्या पायावर उभें आहे तोच हा पाया होय : समकालीन कागद बखरीहून श्रेष्ठ. तेव्हां इतिहाससंशोधकानें म्यूर यांची कसोटी नाकारूं नये. ती दोन्हीं बाजूंस सारखी लावावी, एवढेंच म्हणावें. ती तशी लाविली असतां काय दिसतें? चार शुभवर्तमानांपैकीं सर्वांत जुनें मार्काचें. तेंही येशूच्या मरणानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं लिहिलें गेलें, असें आज बहुतेक ख्रिस्ती पंडितच मानतात. म्हणजे तें रोजनिशी नव्हे, कांहींसें बखरीकडे झुकणारें साधन आहे. शिवाय समकालीन साक्षीनें फार तर एवढें सिद्ध होतें कीं, साक्षीदारास तसें दिसलें व त्याचा त्यावर विश्वास बसला. त्यापुढें जावयाचें तर साक्षीदारास आप्त मानावें लागतें. आणि तो आप्त कां, तर त्याचें शास्त्र ईश्वरप्रेरित म्हणून, असें म्हटलें कीं अन्योन्याश्रय पदरीं येतो.

दुसरें लक्षण साध्यसम आहे. कोणतें आचरण पवित्र हें ज्या शास्त्रानें ठरवावयाचें, त्याच शास्त्राची परीक्षा त्या पावित्र्यावरून करणें हें एका तराजूनें त्याच तराजूस तोलण्यासारखें आहे.

तिसऱ्या लक्षणाशीं मात्र थांबलें पाहिजे, कारण सर्व वादाचा मर्मभाग येथें आहे. म्यूर यांचा वेदावरील आक्षेप असा कीं, तो सर्वांसाठीं नाहीं. ज्या शास्त्राचें श्रवणच शूद्रास व स्त्रियांस वर्ज्य, तें सर्व मनुष्यांच्या पित्याचें शास्त्र कसें असेल? तिन्ही पंडितांच्या उत्तरांत या प्रश्नाचें सर्व वाचकांचें समाधान करील असें उत्तर आम्हांस आढळत नाहीं. अधिकारभेद सांगून ते पुढें जातात. परंतु अधिकारभेद हेंच तर आक्षेपाचें मूळ आहे. हा प्रश्न तेथेंच विरला नाहीं. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुल्यांच्या शेवटच्या ग्रंथाचें नांव 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' (१८९१) असें आहे. ख्रिस्ती न होतां सार्वत्रिकतेचा प्रश्न त्यांनीं आपल्या घरांतच उभा केला. पंडितांनीं टाळलेलें उत्तर समाजानें दुसरीकडून मागून घेतलें, असें म्हणावें लागतें.

परंतु हेंच लक्षण उलटही लागतें. 'सर्वांसाठीं असणें' आणि 'सर्वांस पोंचणें' या दोन निराळ्या गोष्टी होत. ख्रिस्तापूर्वीं होऊन गेलेले असंख्य लोक, आणि १४९२ मधील कोलंबसाच्या सफरीपूर्वीं अमेरिकेंत पंधरा शतकें जन्मले व मेले ते लोक, यांच्या कानीं तें नांव पडण्याचा संभवच नव्हता. मार्ग एकच, आणि तो ठाऊक असल्याखेरीज गति नाहीं, असें दोन्ही धरिलें तर एवढ्या मनुष्यांच्या अधोगतीचा दोष मार्ग दाखविणाऱ्याकडे जातो. वेदाचा दरवाजा वर्णानें बंद होता म्हणून ज्यानें दोष दिला, त्याचा दरवाजा देशानें व काळानें बंद ठरतो. अव्याप्ति दोहोंकडे आहे.

आतां उत्तरें पाहूं. सुबाजी बापू हे सिहोर येथील पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयानें काम करणारे ज्योतिषी. विल्किन्सन यांनीं सिद्धांतग्रंथांच्या साहाय्यानें पुराणांतील भूगोल खोडून काढावा व त्या वाटेनें नवें ज्ञान द्यावें असा उपक्रम चालविला होता. त्याचें प्रतिपादन त्यांनीं १८३४ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत केलें. सुबाजी बापूंनीं त्यांत मनापासून भाग घेतला. ज्यानें भूगोलाच्या बाबतींत पुराणाची बाजू सोडून दिली, त्याला अंधश्रद्ध म्हणतां येत नाहीं. असा मनुष्य धर्माच्या बाबतींत मात्र म्यूर यांस विरोध करितो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पृथ्वीचा आकार सर्वांस एकच, तो गणितानें ठरेल. परंतु ईश्वराकडे जाण्याची रीति ज्याच्या त्याच्या अधिकारानुरूप त्यानेंच नेमून दिली आहे, असा हा विवेक आहे. तिघांत यांचाच सूर सौम्य. परधर्माची निंदा करूं नये, ज्यानें त्यानें आपल्या धर्मांत राहावें, आणि ख्रिस्ती मनुष्यास त्याचा धर्मही ईश्वरानेंच दिला आहे, असें ते म्हणतात.

हें वाचतांना आजचा वाचक चटकन म्हणतो कीं, हा सर्वधर्मसमभाव होय. तसें नाहीं. सुबाजी बापूंच्या मतें मार्ग अनेक असले तरी प्रत्येकासाठीं मार्ग एकच आहे, आणि तो निवडण्याची मोकळीक नाहीं. ख्रिस्ती एकमार्गवाद म्हणतो, 'सर्वांस एक'. सुबाजी बापू म्हणतात, 'प्रत्येकास एक'. पहिल्यांत परक्यास हांक आहे, बळजबरीचीही भीति आहे. दुसऱ्यांत बळजबरी नाहीं, परंतु हांकही नाहीं. ज्यास आपल्या नेमलेल्या जागीं गुदमरतें, त्यास या उत्तरांत आधार सांपडत नाहीं. त्यांच्या सौजन्याबद्दल आम्हांस आदर आहे. तथापि सौजन्य हें प्रमाण नव्हे.

हरचंद्र तर्कपंचानन यांची धाटणी अगदीं वेगळी. त्यांची भाषा तिखट आहे. 'मत' या शब्दांतील पेंच यांनींच अचूक ओळखिला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, खरा धर्म तोच, जो सृष्टीबरोबर प्रकट झाला. जो मध्येंच कोणा एका पुरुषापासून सुरू झाला, तो त्या पुरुषापूर्वींच्या लोकांस काय उपयोगाचा? ही अव्याप्ति त्यांनीं नेमकी दाखविली. परंतु स्वतःचा पक्ष मांडतांना ते म्यूर यांच्याच आसनावर बसतात. वेदमार्ग हाच सत्य. इतरांस त्याचा अधिकार नाहीं. त्यांनीं पुण्य जोडून पुढील जन्मीं भारतवर्षांत योग्य कुळीं जन्मास यावें, तेव्हां त्यांस वाट सांपडेल. हाही एकमार्गवादच आहे; फरक एवढाच कीं, यांत मुदत लांब दिली आहे. पुनर्जन्म मानिल्यामुळें 'ज्यांस कळलें नाहीं त्यांचें काय' या प्रश्नाची धार बोथट होते, हें खरें. परंतु 'मार्ग एक' हा सिद्धांत जसाच्या तसा राहतो.

आणि यांत हरचंद्रांनीं कांहीं नवीन सांगितलें असें नाहीं. श्वेताश्वतर उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायांत मृत्यूपलीकडे जाण्यास दुसरी वाट नाहीं असें स्पष्ट सांगितलें आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या एकतिसाव्या अध्यायांतही तेंच आहे. गीतेच्या नवव्या अध्यायांतील जो श्लोक औदार्याचें प्रमाण म्हणून नेहमीं पुढें केला जातो, त्यांत इतर देवतांची पूजा आपणासच पोंचते असें भगवान् म्हणतात हें खरें. पण ती विधि सोडून होते, असेंही त्याच श्लोकांत आहे. तो भाग गाळून श्लोक सांगणें हें संशोधकास शोभणारें नव्हे. महिम्नस्तोत्रांतील नद्या व समुद्र यांचा दृष्टांत आमच्या घराघरांत पाठ आहे. परंतु तेथें मोजलेले मार्ग त्रयी, सांख्य, योग, पाशुपत व वैष्णव हे आहेत. दृष्टांताची व्याप्ति वाढविण्यास आमची हरकत नाहीं. वाढविली आहे हें मात्र सांगितलें पाहिजे.

आतां नीळकंठशास्त्री. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणीस-वीस वर्षांचें होतें. याच सुमारास, १८४४ मध्यें, म्यूर हे बनारसच्या सरकारी संस्कृत पाठशाळेचे मुख्य होऊन आले; म्हणजे ग्रंथ व ग्रंथाचा प्रतिपक्षी कांहीं काळ एकाच नगरीत होते. काशींत विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशीं नीळकंठशास्त्र्यांचा प्रत्यक्ष वादही चालला होता.

चारही ग्रंथांत हा ग्रंथ आम्हांस श्रेष्ठ वाटतो. चमत्कार खरे कीं खोटे, शास्त्र जुनें कीं नवें, या प्रश्नांपेक्षां ईश्वर न्यायी कसा, या प्रश्नावर त्यांनीं बोट ठेविलें. थोड्या काळांत घडलेल्या पापास अनंत काळाचा नरक, हें प्रमाण कोणत्या न्यायांत बसतें? पूर्वकर्म नाहीं असें म्हणतां, तर एक जीव सुखांत व दुसरा दुःखांत जन्मतो याचें कारण ईश्वराच्या लहरीशिवाय दुसरें काय? ज्यांस पाप ठाऊक नाहीं अशा पशूंनीं यातना कां भोगाव्या? आणि ज्याच्या कानांवर ख्रिस्ताचें नांव पडलेंच नाहीं, त्याचा अपराध कोणता? हे प्रश्न द्वेषाने विचारलेले नाहींत. मनांत सलत असलेले प्रश्न एखाद्या तरुणानें मांडावे तसे ते मांडले आहेत. याबरोबरच त्यांनीं असेंही म्हटलें कीं, शास्त्राच्या मुळाशीं श्रद्धा असते आणि तर्क तिच्या मागून येतो. नुसत्या तर्कानें कोणताच पक्ष शेवटास जात नाहीं.

तथापि येथेंही न्याय दोहोंकडे करावा लागतो. अनंत नरकाचा आक्षेप केवळ ख्रिस्ती मतावर येत नाहीं. मध्वाचार्यांच्या द्वैतमतांत कांहीं जीव स्वभावतःच तमोयोग्य मानिले आहेत, व त्यांची त्यांतून सुटका नाहीं. पूर्वकर्माचें उत्तरही प्रश्न मागें ढकलतें, सोडवीत नाहीं, अशी शंका घेतां येते. अनादित्व मानून शास्त्रकारांनीं तिचें निरसन केलें आहे, पण तें निरसन श्रद्धावंतासच पटणारें आहे. नीळकंठशास्त्र्यांस हें दिसत नव्हतें असें आम्हांस वाटत नाहीं.

कारण पुढें घडलें तें असें. १८४८ च्या मार्च महिन्यांत जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या नीळकंठ गोऱ्हे झाले. १८६० मध्यें त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ निघाला, व दोन वर्षांनीं फिट्झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. पंडिता रमाबाईंच्या मनावर त्यांच्या लेखनाचा परिणाम झाला. १८९५ मध्यें मुंबईस ते वारले. या चरित्राचा उपयोग दोन्ही पक्षांनीं आपापल्या परी केला. एकानें म्हटलें, पाहा, सर्वांत मोठा प्रतिवादी शरण आला, म्हणून प्रश्न सुटले. दुसऱ्यानें म्हटलें, घर सोडून गेलेल्या माणसाचा ग्रंथ आपला कशास म्हणावा? दोन्ही निर्णय चुकीचे होत. ग्रंथाचें प्रामाण्य ग्रंथकाराच्या पुढील आयुष्यावर अवलंबून नसतें. आणि बाप्तिस्म्यानंतरही शंकांनीं त्यांची पाठ सोडिली नाहीं, हें त्यांच्या चरित्रावरून दिसतें. प्रश्न घेऊनच ते पलीकडे गेले.

म्यूर यांचेंही मन जागच्या जागीं राहिलें नाहीं. 'मतपरीक्षा' त्यांनीं पुनःपुन्हा सुधारून काढिली. परंतु वेदादिकांचा जो अभ्यास खंडनासाठीं आरंभिला, त्यांतून 'ओरिजिनल संस्कृत टेक्स्ट्स' हे पांच खंड (१८५८ ते १८७०) निर्माण झाले, एडिंबरो विद्यापीठांत १८६२ मध्यें त्यांनीं संस्कृताचें अध्यासन स्थापिलें, आणि १८७५ मध्यें संस्कृत ग्रंथांतील नीतिपर व धर्मपर वचनें इंग्रजी पद्यांत उतरवून प्रसिद्ध केलीं. दोष काढण्यास आलेला वाचक गुण वेंचीत परतला.

हा वाद मुंबईकडेही चालू होताच. १८३० व १८३१ मध्यें जॉन विल्सन यांच्याशीं मुंबईंत जाहीर वाद झाले. मोरभट्ट दांडेकरांची 'श्रीहिंदुधर्मस्थापना' त्यांतूनच निघाली. १८५७ मध्यें विष्णुबोवा ब्रह्मचाऱ्यांनीं समुद्रकिनाऱ्यावर सभा गाजविल्या. ते वाद मराठींत झाले म्हणून लोकांच्या तोंडीं राहिले. संस्कृत वाद मात्र थोडक्यांच्या हातीं राहिला. परंतु मर्म अधिक खोल तेथेंच गेलें.

तें मर्म आमच्या मतें असें आहे. एकमार्गवादांत दोन प्रतिज्ञा एकत्र गुंतल्या आहेत. पहिली : तारणाचें साधन वस्तुतः एक आहे. दुसरी : तें साधन नांवानें ठाऊक असून त्याचा स्वीकार केल्याखेरीज कोणास तारण नाहीं. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाहीं. रोग्यास औषधाचें नांव ठाऊक नसलें म्हणून औषध लागू पडत नाहीं असें नाहीं. म्यूर यांनीं या दोहोंचा भेद केला नाहीं, आणि उत्तर देणाऱ्यांनींही तो करण्यास त्यांस भाग पाडिलें नाहीं. फक्त नीळकंठशास्त्र्यांचे प्रश्न नेमके दुसऱ्या प्रतिज्ञेवर जाऊन आदळतात.

पुढें ख्रिस्ती विचारवंतांनींच हा भेद केला, हें येथें नोंदविणें न्यायाचें होईल. दुसऱ्या शतकांतील जस्टिन यानें ख्रिस्तापूर्वींच्या विवेकी पुरुषांसही ईश्वरी शब्दाचा अंश लाभला होता असें म्हटलें होतेंच. तिसऱ्या शतकांतील सिप्रियन यानें मात्र चर्चबाहेर तारण नाहीं असें बजाविलें, व पुढें शतकानुशतकें त्याचाच शब्द चालला. जे. एन. फार्क्वार यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत हिंदु धर्माची परिपूर्ति ख्रिस्तांत होते असें मांडिलें. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ मध्यें, स्वतःच्या दोषावांचून ज्यांस शुभवर्तमान कळलें नाहीं परंतु जे मनापासून ईश्वरास शोधतात त्यांसही तारण मिळूं शकतें, असें जाहीर केलें. १९६५ मध्यें हिंदु व बौद्ध धर्मांतील जें सत्य व पवित्र आहे तें चर्च नाकारीत नाहीं, असें म्हटलें. त्याच चर्चनें २००० सालीं तारणकर्ता मात्र एकच, हेंही पुन्हा निक्षून सांगितलें. म्हणजे पहिली प्रतिज्ञा ठेविली, दुसरी सैल केली. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या आजही दोन्ही प्रतिज्ञा धरून आहेत. दुसरी सैल केल्यावर उपदेशाची निकड कां राहावी, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो पोकळ नाहीं.

येथें निर्णय देणें हें इतिहासाचें काम नव्हे. परंतु निर्णय देणाऱ्यांनीं पुरावा पुरा पाहिला कीं नाहीं, हें पाहणें इतिहासाचें काम आहे. 'ते एकमार्गी, आम्ही बहुमार्गी' हें वाक्य पुराव्यास धरून नाहीं. एकमार्गी दोन्हींकडे आहेत, आणि 'कानांवर न पडलेल्याचें काय' हा प्रश्न विचारणारेही दोन्हींकडे आहेत. आपल्या घरांतील एकमार्गी लपवून दुसऱ्याचा तेवढा उघडा करणें, हें ज्या सत्याच्या नांवानें आपण वाद करितों त्यासच बाधक होय.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. १८३० ते १८६० या तीस वर्षांतील संस्कृत व मराठी खंडन-मंडनाच्या पोथ्या, शिळाछापाचीं चोपडीं, मिशनच्या छापखान्यांतील पत्रकें, जुन्या शास्त्र्यांच्या घरच्या दप्तरांत अजून असूं शकतात. विशेषतः ज्या घरांतून कोणी ख्रिस्ती झाला, त्या घरांतील कागद संकोचानें मागें राहिलेले असण्याचा संभव अधिक. अशी पोथी मिळाल्यास कागदावरील पाणछाप, लेखकाचें नांव, समाप्तीची ओळ व समासांतील टिपा तपशिलानें उतरून घ्याव्या. समासांतील टिपांकडे तर मुळींच दुर्लक्ष करूं नये, कारण वाद करणारा मजकुरांत प्रतिपक्ष्यास उत्तर देतो, पण समासांत स्वतःस प्रश्न विचारितो. पेशवाईचीं दप्तरें आपण वाळवीपासून वांचविलीं. त्यानंतरच्या पिढीनें आपल्या श्रद्धेविषयीं काय काय विचारलें, त्याचें दप्तरही तितक्याच काळजीनें वांचविलें पाहिजे.